दहाचा फोन, अकराचा फोन

काकांनी हे घर दहा मिनिटांत पसंत केलं होतं. काकूंना पसंत करायला पंधरा मिनिटं लागली, असं ते स्वतःच सांगत, आणि त्यातली पाच कांदेपोहे खाण्यात गेली म्हणत. भेंडी घेताना त्यांचा हात ढिगात दुसऱ्यांदा जात नसे. डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं काढलं तेव्हा त्यांनी फक्त वार विचारला. असा माणूस त्या वर्षी अध्यक्षीय निवडणुकीत कोणाला मत द्यायचं या एका प्रश्नापाशी येऊन अडला आणि महिनोन्महिने तिथेच उभा राहिला. मराठी मंडळात त्यांना 'तळ्यात-मळ्यात काका' म्हणायला लागले होते. ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. "बरोबर आहे," म्हणाले, "पण दोन्हीकडचे मला खेळायला घेतात की नाही?"

मी तेव्हा वेस्ट विंडसरला त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मूळची नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी व्हिसावर आलेली. ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागेपर्यंत माझे केस पांढरे होतील, हे वकिलानेच हसत हसत सांगितलं होतं. म्हणजे मला मतदानाचा हक्क नाही. पण कोण निवडून यायला हवं आणि कोण अजिबात नको, हे मात्र मला पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. त्यापायी मी कॉलेजच्या दोन मैत्रिणींशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याचं वाईट वाटण्याऐवजी मला थोडा अभिमानच होता. त्यामुळे काकांचं हे भिजत घोंगडं मला बघवत नसे.

"काका, तुमच्या हातात मत आहे हो! मला मिळालं असतं ना, तर मी पहाटे जाऊन रांगेत उभी राहिले असते."

"तुला द्यायचं नाहीये म्हणून तुझं ठरलेलं आहे," ते म्हणत. "एकदा हातात येऊ दे, मग बघू."

काका निवृत्त होण्यापूर्वी एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. गोळ्यांचा प्रत्येक घाणा त्यांची सही झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. "एक रीडिंग म्हणजे रीडिंगच नव्हे," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुकरच्या शिट्ट्या ते स्वतः मोजत, शिवाय मला विचारत, आणि दोघांचा आकडा जुळला तरच गॅस बंद होई. आमचा आकडा सहसा जुळत नसे, म्हणून आमच्या घरी वरण फार मऊ असायचं.

निवडणुकीच्या बातम्यांनाही त्यांनी हीच शिस्त लावली होती. टीव्हीशेजारी काकूंचा स्वयंपाकघरातला टायमर ठेवलेला असे. वीस मिनिटं एका बाजूचं चॅनल, टायमर वाजला की वीस मिनिटं दुसऱ्या बाजूचं. एकाच दिवसाची बातमी, पण ऐकताना वाटे की दोन वेगळ्या देशांचं चाललंय. "हवामान तेवढं दोघे सारखं सांगतात," काका म्हणत. पोस्टातून येणारी दोन्ही पक्षांची रंगीत पत्रकं ते लाल पेन घेऊन तपासायला बसत. 'बहुतेक कुटुंबांना फायदा' असं कुठे छापलेलं दिसलं की त्याखाली रेघ मारून समासात लिहायचे, 'बहुतेक म्हणजे किती? डेटा अपुरा.' मग ते पत्रक तारीख घालून फायलीत. दोन फायली होत्या, जाडीने अगदी सारख्या. एखादी जाड व्हायला लागली की दुसऱ्या पक्षाचं पत्रक येईपर्यंत ते पहिल्याचं लावत नसत.

दारावर येणाऱ्या कार्यकर्त्यांची तर चैन होती. एका पक्षाकडून निवृत्त शाळामास्तरीण यायच्या, गोऱ्या, ठेंगण्या, गळ्यात चष्मा अडकवलेला. दुसऱ्या पक्षाकडून एक उंच गृहस्थ यायचे, जे दर वेळी दारात बूट काढायला विसरायचे आणि मग आत येऊन शरमेने काढायचे. काकांचं नाव दोघांच्याही यादीत 'अजून ठरलेलं नाही' या खान्यात होतं, आणि ज्यांचं ठरलेलं नाही त्यांच्याकडेच पुन्हा पुन्हा जायचं असतं. एका शनिवारी दोघे एकाच वेळी आले. दुसरा कोणी असता तर एकाला दारातून परत पाठवलं असतं. काकांनी दोघांना एकाच सोफ्यावर बसवलं, चिवड्याच्या दोन बशा दिल्या, आणि म्हणाले, "तुमच्या उमेदवाराबद्दल मला सगळं पाठ झालंय. आता समोरच्याच्या उमेदवाराची एक चांगली गोष्ट सांगा. एकच."

बाईंनी चष्मा पुसला. गृहस्थ भिंतीवरचे फोटो बघायला लागले.

"ठीक आहे, मग मीच सांगतो," असं म्हणून काकांनी दोन्ही उमेदवारांची एकेक चांगली गोष्ट सांगितली, दोघांना चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. ते दोघे आपापल्या गाडीकडे न बोलता गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा आले, पण वेळा ठरवून.

ही झाली त्यांची वरवरची तऱ्हा. त्याखाली काय आहे ते मला रविवारांनी दाखवलं.

रविवारी सकाळी दहाला मुलाचा फोन यायचा, शुगर लँडहून. अकराला मुलीचा, ईडन प्रेरीहून. मुलगा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी लहान मुलांची डॉक्टर. दोघांचा जन्म इथलाच. मुलगा एका पक्षाचा असा कट्टर, की टेक्ससच्या त्या घामट उन्हात दर शनिवारी लोकांची दारं वाजवत हिंडायचा. मुलगी दुसऱ्या पक्षाची तितकीच कट्टर. ती मिनेसोटाच्या बर्फात बूट घालून तेच करायची. हट्ट दोघांचा एकच, काकूंकडून आलेला, असं काका म्हणायचे. आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. काकूंच्या वर्षश्राद्धाला दोघे इथे आले होते. पानं वाढली, नैवेद्य दाखवला, आणि पहिला घास घेता घेता मुलगा त्या दिवशीच्या एका बातमीवर काहीतरी बोलला. मुलीने उत्तर दिलं. त्याने तिला उलट उत्तर दिलं. पाचव्या मिनिटाला तो पानावरून उठला आणि बॅग घेऊन विमानतळावर गेला. "खीर तशीच राहिली," काका एवढंच सांगत. कोण काय बोललं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

काकू गेल्यानंतर मुलांचे फोन तीन मिनिटांचे झाले होते. जेवलात का, औषध घेतलंत का, गुडघा कसा आहे, ओके बाबा, बाय. दोष त्यांचा नव्हता. आईशी बोलायची त्यांना सवय होती, बाबांशी काय बोलायचं ते त्यांना माहीतच नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं. मग एका रविवारी मुलाने सहज विचारलं, बाबा, या वेळी कोणाला मत देणार? काकांनी खरं तेच सांगितलं, की अजून विचार केला नाही. आणि तो फोन पाऊण तास चालला! मुलगा बापाला समजावत होता, तावातावाने, जीव तोडून. मध्येच, "होल्ड ऑन बाबा," म्हणून तो पोरावर ओरडला, तेव्हा काकांना कळलं की नातू पियानो शिकायला लागलाय. अकराला त्यांनी मुलीला आपणहून सांगितलं, माझं काही ठरत नाहीये गं. ती तासभर बोलली.

त्या दिवसापासून काका रविवारची तयारी शनिवारी करू लागले. दोन कोरी कार्डं घ्यायची. एकावर मुलाच्या पक्षाबद्दलच्या शंका, एकावर मुलीच्या. ते जिन्याखाली येऊन मला हाक मारत.

"अगं, एक चांगली शंका सांग बरं. मुलाच्या पक्षाबद्दल. टोचेल अशी नको. पण उत्तराला अर्धा तास लागायला हवा."

मी टोचणाऱ्याच सांगायची. ते त्या घासून बोथट करून लिहून घ्यायचे. फोन झाला की कार्ड उलटं करून मागे दुसऱ्या गोष्टी लिहायचे, बोलण्याच्या ओघात निसटलेल्या. 'नातवाचा पुढचा दात पडला.' 'सुनेची पाठ दुखते, सांगत नाही.' 'लेकीने पुरणपोळी करून पाहिली, फाटली, तरी खाल्ली.' ही कार्डं मात्र फायलीत जात नसत. ती देवघरातल्या खणात जात.

एकदा मी स्पष्टच विचारलं. "काका, तुमचं खरंच ठरलं नाहीये?"

"मोजायला वेळ लावावा, ठरवायला नाही," ते म्हणाले. "माझं केव्हाच ठरलंय."

"मग सांगून का नाही टाकत?"

"सांगितलं की एक फोन बंद. कोणता बंद झालेला चालेल, ते तू सांग. मला नाही सांगता येत. दोन पोरं आहेत मला."

त्या दिवसापासून मी त्यांना डिवचणं बंद केलं. नोव्हेंबर सरेपर्यंत हे असंच रेटायचं, मग निवडणूक संपेल, पोरं थंड होतील, असा त्यांचा बेत होता. तो फसला, आणि त्यात माझा हात होता.

जून महिन्यात पक्षांच्या प्राथमिक निवडणुका आल्या. काकांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मित्राची मुलगी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बोर्डासाठी उभी होती. तिच्या बारशाचे पेढे काकांनी लॅबमध्ये वाटले होते. ती घरी आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, आय रिअली नीड यू. तुम्ही नाही आलात तर बाबांना किती वाईट वाटेल." घरच्या पोरीला नाही कसं म्हणायचं? आपली माणसं लग्नाला जातात तसे काका त्या मतदानाला गेले. धुतलेला शर्ट घालून. गाडी मी चालवत होते.

शाळेच्या जिममध्ये टेबलामागे बसलेल्या बाईंनी विचारलं, कोणत्या पक्षाचं मतदान? काका म्हणाले, मी फक्त या मुलीसाठी आलोय. बाई समजुतीने म्हणाल्या, सर, ही पक्षाची अंतर्गत निवडणूक आहे. ज्या पक्षात मत द्याल, त्या पक्षाच्या यादीत तुमचं नाव चढेल. चालेल का?

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभी होते. मला हा नियम आधीपासून माहीत होता. काकांना तो माहीत नाही, हेही माहीत होतं, आणि वाटेत मी तो बोलले नव्हते. कारण ती मुलगी आमच्या पक्षाची होती. आमच्या म्हणजे काकांच्या लेकीच्या, आणि माझ्या. मी मान हलवली. घ्या की, त्यात काय, अशी. मागे रांग खोळंबली होती. काकांनी सही केली, आणि मला खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या झाल्या.

ती मुलगी जिंकली. संध्याकाळी मित्राच्या घरी सगळे जमले, पेढे आले, आणि काकांना मधोमध बसवून कोणीतरी फोटो काढला. मंडळाच्या ग्रुपवर तो पडला तेव्हा खाली एका हुशार माणसाने लिहिलं होतं, 'अखेर काका मळ्यात!' पन्नास जणांनी हसरे चेहरे टाकले. तिसऱ्या दिवसापर्यंत फोटो शुगर लँडला पोचला होता.

रविवारी दहाला फोन आला. काकांना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असे.

"बाबा, टेल मी इट्स अ जोक."

"अरे, त्या पोरीसाठी गेलो होतो. तिचे वडील आणि मी..."

"कोणत्या यादीत नाव लिहिलं?"

काकांनी पुढ्यातलं कार्ड सरळ केलं.

"मी इथे दर शनिवारी अनोळखी लोकांना समजावतो. आणि माझ्या स्वतःच्या बापाचं नाव त्यांच्या यादीत?" मुलगा पुढचं इंग्रजीत बोलला, हळू आवाजात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तो म्हणाला, इतके महिने मला वाटत होतं की तुम्ही माझं ऐकताय. तुम्ही नुसते माझी मजा बघत होतात.

"नाही रे बाळा," काका म्हणाले. पण फोन ठेवला गेला होता. दहा वाजून चार मिनिटं झाली होती.

अकराला मुलीचा आला. ती रडतच होती, आनंदाने. "बाबा, आय न्यू इट! आई असती ना, तर तिला किती छान वाटलं असतं." ती खूप वेळ बोलली. इतकं गोड ती कधीच बोलली नव्हती. काका मांडीवर हात ठेवून, शिक्षा झालेल्या माणसासारखे ऐकत राहिले. नंतर त्यांनी कार्ड उलटंसुद्धा केलं नाही.

सोमवारी मला म्हणाले, "टाउनशिपच्या ऑफिसला नेशील का?" तिथे एक फॉर्म मिळतो. यादीतून नाव काढून कोणत्याच पक्षाचं नाही असं करून घ्यायचा. काकांनी तो काळ्या शाईत भरला, दोनदा वाचला, शिक्का मारून घेतला आणि प्रत मागितली. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ती सरळ करून ठेवली. "फोटो काढून दे. स्पष्ट यायला हवा. शिक्का दिसायला हवा."

मी फोटो काढून दिला. त्यांनी फोनवर घरचा ग्रुप उघडला. काकूंनी कधीकाळी केलेला, चौघांचा. बहीण-भावाचं बिनसल्यापासून त्यावर फक्त काकांची सकाळची फुलं असत. काकांचा अंगठा तिथे गेला तेव्हा मला समजलं की ते हा फोटो नुसता मुलाला पाठवत नाहीयेत.

"करेक्शन केलं की सगळ्या संबंधितांना कॉपी गेली पाहिजे," ते म्हणाले. "लपवलेलं करेक्शन म्हणजे लबाडी. आयुष्यभर मी तसं केलं नाही. एकाला एक, दुसऱ्याला एक, असं आता पुरे झालं."

लेकीला हे वाचून काय वाटेल ते मला लख्ख दिसत होतं. काल ती रडली होती. मी एवढंच म्हणायला हवं होतं, काका, आज नको. पण त्यांनी आमच्या यादीतून नाव काढलं, याचा मला राग आला होता. इतका फालतू, लहान मुलासारखा राग. मी म्हटलं, "पाठवा."

चार मिनिटांत मुलीचं उत्तर आलं. तुम्ही उठून ऑफिसात जाऊन आमच्यातून नाव काढून आलात? या वर्षी? मग मुलाचं आलं, की फॉर्मने काही बदलत नाही. मग मुलीने त्याला लिहिलं, हे तुझंच काम, तूच त्यांच्यावर दबाव टाकलास. त्याने लिहिलं, आणि तू त्यांना वापरून घेतलंस. दोन वर्षांनी बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत होते. ओळींमागून ओळी सरकत होत्या. काकांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांशी धरला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बोलतायत गं ते!" त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं, ते आठवलं की मला आजही जेवण जात नाही.

मग मुलगी ग्रुप सोडून गेली. थोड्या वेळाने मुलगाही गेला. काकूंचा नंबर काकांनी बंद केला नव्हता. ग्रुपमध्ये आता दोघेच उरले, काका आणि काकू.

पुढचे रविवार सांगण्यासारखे नाहीत. काका दहाला आंघोळ करून, फोन समोर ठेवून बसत आणि बाराला उठत. पोरं दुष्ट नव्हती. मुलीने मागवलेली औषधं वेळेवर दारात येत. मुलाने माणूस पाठवून पन्हाळी साफ करून घेतल्या. काकांनी आपणहून फोन केला की दोघेही दोन शब्दांत उत्तर लिहीत, कामात आहे, नंतर करतो, नंतर करते. टायमर स्वयंपाकघरात परत गेला. टीव्ही बंदच असे. त्या मास्तरीणबाई आणि ते गृहस्थही यायचे थांबले, कारण दोघांनाही काकांनी दारातूनच सांगितलं, की माझं झालंय ठरवून, आता येऊ नका.

मला संताप यायचा. "कसली पोरं हो ही! एका मतासाठी बापाला टाकायचं? माझे बाबा कोणालाही मत देवोत, मी असं कधी केलं नसतं. माणूस मोठा की पक्ष?"

"त्यांना नावं ठेवू नकोस," काका म्हणायचे. "त्यांना खरंच वाटतंय की सगळं बुडतंय. तशा वेळी माणूस काठावरच्यावर जास्त चिडतो."

मतदानाच्या दिवशी मी दुपारची सुट्टी टाकली. रस्त्याच्या कडेला वाळक्या पानांचे ढीग लावलेले होते, आणि त्यांतून दोन्ही पक्षांच्या पाट्या वर डोकावत होत्या. पुन्हा तीच शाळा, तीच जिम. या वेळी काकांना कोणी पक्ष विचारला नाही. ते आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले, छातीवर मत दिल्याचं ते गोल स्टिकर लावून. गाडीत बसले, बेल्ट लावला, आणि म्हणाले, "विचार ना मला."

"काय?"

"कोणाला दिलं ते. आता मी मोकळा आहे. आणि कोणाला तरी सांगावंसं वाटतंय गं. फार महिने पोटात ठेवलंय."

मी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. जुन्या सवयीने दोन कारणंही सांगितली, नेमकी, तोलूनमापून.

ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाऱ्यांतले निम्मे जण काकांना मनातून उतरवतील, आणि उरलेले निम्मे त्यांना डोक्यावर घेतील, आणि दोन्ही काकांना आवडणार नाही. एवढंच सांगते की ते माझ्या उमेदवाराचं नाव नव्हतं.

मी गाडी सुरू केली. काहीतरी बोलायला हवं, हे कळत होतं. पण मी नुसता आरसा सारखा केला. दोन वर्षं ज्याच्या हातचा सकाळचा चहा प्यायले, माझ्या तापात ज्याने डोक्याशी बसून पट्ट्या बदलल्या, तो माणूस शेजारच्या सीटवर एकाएकी परका होऊन बसला होता. मनात आलं, आता दुसरी खोली बघायला हवी. खरोखर आलं. त्यांच्या पोरांना मी काय काय बोलले होते, तेही सगळं त्याच क्षणी आठवत होतं, आणि तरीसुद्धा माझं तोंड उघडत नव्हतं.

काका माझ्याकडे बघत होते. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. मग ते खाकरले.

"अगं, गंमत केली तुझी," ते म्हणाले. "केवढी घाबरलीस! ती जागा मी कोरीच सोडली. माझं कुठे काय ठरतंय?"

हे खोटं होतं. मला ते कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. पण त्यांच्याशी बोलणारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि तेही हातचं जाताना त्यांना दिसलं होतं.

"काय हो काका तुम्ही!" मी म्हटलं आणि हसले. मला इतकं हायसं वाटलं, की त्याची मला आजही लाज वाटते.